आमच्या घरातला बंडखोर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

रेडी, शिरोडा, आरोंदा या टापूत जुन्या माणसांशी गप्पा मारत बसलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं. 'आमचो एक आजो बंडात होतो. मगे तो गोंयात गेलो, तो परत इलोच नाय.' सांगणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमान असतो आणि थोडी हुरहुरही असते. कुठलं बंड, कुठल्या साली, कुणाविरुद्ध, असं पुढे विचारलं की मात्र उत्तरं एकमेकांत मिसळू लागतात. कोणी शिवाजी महाराजांचं नाव घेतो, कोणी सत्तावन्न सालाचं, तर कोणी थेट मिठाच्या सत्याग्रहाचं.

तरीही घरातली अशी गोष्ट उडवून लावण्यासारखी नसते. या किनाऱ्यानं एक मोठं बंड खरोखरच पाहिलं आहे. त्यात सरदार होते, तसे नाव नसलेले शेकडो शिपाईही होते. सरदारांची नावं ग्रंथांत आली. बाकीच्यांची नावं एक तर घराच्या आठवणीत उरली, नाही तर ज्यांच्याविरुद्ध ते लढले त्या सरकारच्या दप्तरात. ही दोन टोकं जुळवता येतील का आणि कशी जुळवायची, याबद्दल आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी बंडाची हकीकत पाहू. रेडीच्या खाडीच्या मुखावर यशवंतगड आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा समुद्रावरचा महत्त्वाचा किल्ला. 1746 मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला आणि काही वर्षांनी परत केला. 1765 मध्ये इंग्रजांनी घेतला, तोही तहानंतर परत मिळाला. पुढे फेब्रुवारी 1819 मध्ये सर विल्यम ग्रँट कीर याच्या फौजेनं निवती आणि रेडी हे दोन्ही किल्ले जिंकले, आणि मग मात्र ते कायमचे गेले. त्याच महिन्यात झालेल्या तहानं किनारपट्टी कंपनी सरकारकडे आली. सावंतवाडीचं राज्य उरलं, पण त्याचा समुद्र तुटला.

पुढच्या वीस वर्षांत उरलेला कारभारही हातातून जात राहिला. 1838 मध्ये चौथे खेम सावंत यांच्याकडून कारभार काढून घेऊन तो कंपनीच्या अधिकाऱ्याच्या हाती देण्यात आला. वाडीतले जुने मानकरी आणि देसाई यामुळे दुखावले. घाटावर कोल्हापुरातही निराळ्या रीतीनं हेच चाललं होतं. तिथं इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. किल्ल्याची राखण करायची आणि त्याबदल्यात किल्ल्याला लावून दिलेल्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या खायच्या, अशी गडकऱ्यांची वहिवाट होती. नव्या कारभारात या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे गेली. आज व्यवस्था गेली, उद्या जमीनही जाईल, हे ओळखायला गडकऱ्यांना कुणाची गरज नव्हती. जुलै 1844 मध्ये सामानगड आणि भुदरगड इथल्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले.

इतिहासात हा गडकऱ्यांचा उठाव म्हणून ओळखला जातो. जनरल डेलामोट फौज घेऊन आला. ऑक्टोबरात सामानगड पडला. मधल्या काळात बंडवाल्यांनी कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्यालाच पकडून पन्हाळ्यावर ठेवलं होतं. 1 डिसेंबर 1844 रोजी पन्हाळाही पडला आणि तिथं लढणारा बाबाजी अहिरेकर मारला गेला. पण आग तोवर घाट उतरून वाडीत पोचली होती. फोंड सावंत तांबुळकर हा वजनदार सरदार आपल्या मुलांसह उठला. मनोहरगड आणि मनसंतोषगड ही जोडी बंडाचं ठाणं झाली. सावंतवाडीचे युवराज अण्णासाहेबसुद्धा बंडवाल्यांना जाऊन मिळाले. कर्नल आउट्रम आणि डेलामोट यांच्या फौजांनी जंगल तुडवत जानेवारी 1845 अखेर मनोहरगड घेतला. आतली माणसं कड्याकपारींतून निसटली आणि बरीचशी सरहद्द ओलांडून गोव्यात गेली. तिथं त्या वेळी पेस्ताना हा गव्हर्नर होता आणि पोर्तुगीजांच्या मुलखात बंडवाल्यांना आसरा मिळाला.

'गोंयात गेलो, तो परत इलोच नाय' या वाक्यामागचा इतिहास हा असा आहे. म्हणजे गोष्ट शक्य कोटीतली आहे. शक्य असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं, एवढं मात्र ध्यानात ठेवायचं.

शोध सुरू करण्याआधी थोडं गणित करावं. 1844 मध्ये जो पंचविशीत होता, तो 1820च्या आसपास जन्मलेला. आज साठीत असलेला माणूस 1965च्या आसपासचा. मधलं अंतर झालं सुमारे 145 वर्षं. एका पिढीला 28-29 वर्षं धरली तर पाच पिढ्या होतात. म्हणजे बंडातला तो पूर्वज आपला पणजोबा असू शकत नाही. खापरपणजोबाही नव्हे, तर खापरपणजोबांचा बाप. आता पाचव्या पिढीत प्रत्येकाला 32 पूर्वज असतात, त्यांतले 16 पुरुष. या सोळांपैकी आपलं आडनाव लावणारा फक्त एक. उरलेले पंधरा आजीच्या, पणजीच्या, आईच्या माहेरचे. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असल्यामुळे हा आकडा थोडा कमी होईल, इतकंच. तेव्हा ज्यांना आपल्या आडनावात बंडवाला सापडत नाही, त्यांनी आजीचं माहेर विचारावं. आपल्याकडच्या वंशावळींत बायकांच्या जागी नुसती रेघ असते. अर्धा इतिहास त्या रेघेखाली गाडला गेलेला असतो.

या बाबतीत आयर्लंडकडे पाहण्यासारखं आहे. तेही इंग्रजांविरुद्ध वारंवार उठलेला देश. 1798 मध्ये तिथं मोठं बंड झालं, ते मोडलं गेलं आणि अनेकांना ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सला काळ्या पाण्यावर धाडलं गेलं. 1916च्या ईस्टरमध्ये डब्लिनमध्ये पुन्हा उठाव झाला. आज आयर्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत हजारो घरं आपला पूर्वज या बंडांत होता का, याचा शोध घेत असतात. त्यांचीही अडचण आपल्यासारखीच. जून 1922 मध्ये यादवी युद्धात डब्लिनचं सरकारी दप्तरखाना असलेलं फोर कोर्ट्स पेटलं आणि शेकडो वर्षांचे कागद राख झाले. एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांची पुष्कळशी पुस्तकं त्यात गेली.

पण त्यांनी पुढे दोन कामं नेटानं केली. 1924 मध्ये स्वातंत्र्यलढ्यातल्या सैनिकांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. निवृत्तिवेतन हवं तर कुठं लढलात, कुणाच्या हाताखाली, बरोबर कोण होतं, हे अर्जात लिहावं लागे आणि इतरांनी त्याची ग्वाही द्यावी लागे. दुसरं काम 1947 ते 1957 या काळातलं. सरकारनं लढ्यातल्या माणसांकडून 1,773 जबान्या लिहून घेतल्या. 2003 मध्ये त्या लोकांसाठी खुल्या झाल्या आणि 2014 पासून निवृत्तिवेतनाच्या फायलीही टप्प्याटप्प्यानं संगणकावर आल्या. डब्लिनच्या टपाल कचेरीत जेवढे लोक आपण लढलो म्हणून सांगत, तेवढे त्या इमारतीत मावलेच नसते, असा विनोद तिकडे केला जातो. कागद खुले झाल्यामुळे खरे कोण आणि हौशे कोण, हे पारखता येऊ लागलं.

याच मालिकेतली एक हकीकत आपल्या देशात घडलेली आहे. जून 1920 मध्ये जालंधरच्या छावणीत कॉनॉट रेंजर्स या पलटणीतल्या आयरिश शिपायांनी, आपल्या मायदेशात इंग्रज करत असलेल्या जुलमाचा निषेध म्हणून, शस्त्रं खाली ठेवली. बंडाचं लोण सोलनच्या ठाण्यावर पोचलं. जेम्स डॅली या विशीतल्या शिपायाला 2 नोव्हेंबर 1920 रोजी डगशाई इथं गोळ्या घातल्या गेल्या. स्वतंत्र आयर्लंडनं 1936 मध्ये या शिपायांच्या निवृत्तिवेतनासाठी वेगळा कायदा केला आणि 1970 मध्ये डॅलीच्या अस्थी मायदेशी नेल्या. हिमाचलातल्या एका दफनभूमीतून पन्नास वर्षांनी एक पोर आपल्या गावी परत गेलं.

आपल्याकडेही निवृत्तिवेतन सुरू झालं, पण ते 1972 मध्ये, विसाव्या शतकातल्या स्वातंत्र्यसैनिकांसाठी. म्हणून शिरोड्याच्या मिठागरावर मे 1930 मध्ये जो सत्याग्रह झाला, त्यात आपले आजोबा होते का, हे शोधणं तुलनेनं सोपं. तुरुंगाचे दाखले, कोर्टाचे निकाल, सन्मानपत्रं, वर्तमानपत्रांतल्या याद्या यांत काही ना काही सापडतं. रेडीला लागून असलेल्या तेरेखोलच्या किल्ल्यावर 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला तिथं गोळीबार झाला आणि पनवेलचे हिरवे गुरुजी हुतात्मा झाले. या लढ्याचेही कागद आहेत. 1844च्या बंडवाल्याला मात्र ना निवृत्तिवेतन, ना सन्मानपत्र. त्याचं नाव लिहून ठेवलं ते त्याला पकडायला निघालेल्यांनी. आपला पूर्वज शोधायचा तर शत्रूचे कागद वाचायचे, असा हा उलटा मामला आहे.

शिवाय इथं शत्रू एक नव्हता आणि दप्तरही एक नव्हतं. रेडी वेंगुर्ल्याबरोबर इंग्रजी मुलखात, रत्नागिरी जिल्ह्यात गेलं होतं. जवळचं आरोंदा सावंतवाडी संस्थानात. खाडीच्या मुखाशी असलेलं तेरेखोल पोर्तुगीजांचं. सकाळी न्याहारी करून निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत तीन राज्यांतून फिरून येई. बंडवाल्याला याचा फायदा झाला. शोध घेणाऱ्याला मात्र याचाच ताप होतो, कारण एकाच माणसाचे कागद तीन ठिकाणी विखुरलेले असतात. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात कंपनी सरकारचा पत्रव्यवहार आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर राज्याची दप्तरं आहेत. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज आणि मोडी असे दोन्ही कागद आहेत. आणि लिस्बनमध्ये पोर्तुगालच्या सागरापारच्या वसाहतींचं जुनं दप्तर आहे.

लिस्बनचं नाव उगाच घेतलेलं नाही. फोंड सावंताच्या मुलांनी 1857-58 मध्ये पुन्हा उचल खाल्ली. सावंतवाडीपासून कारवार-सुप्याच्या रानापर्यंत त्यांनी इंग्रजांना बेजार केलं. शेवटी 1858 मध्ये ते गोव्याच्या सरकारच्या स्वाधीन झाले आणि पोर्तुगीजांनी त्यांना तिमोरला हद्दपार केलं. तिमोर म्हणजे इंडोनेशियाच्या पार पूर्वेकडचं बेट. त्याचा पोर्तुगीजांकडे असलेला पूर्व भाग 2002 पासून स्वतंत्र देश आहे. पुढे सत्तरीतल्या राण्यांच्या बंडानंतरही तिमोरची वाट अनेकांच्या नशिबी आली. आयरिश बंडवाला सिडनीला पोचला तर त्याच्या जहाजाची यादी आज त्याच्या वंशजाला घरबसल्या पाहता येते. आमच्या सह्याद्रीतला माणूस तिमोरच्या किनाऱ्यावर उतरला, त्याचं पुढे काय झालं हे विचारायला आमच्यापैकी फारसं कुणी गेलेलंच नाही. हे काम एखाद्या तरुण अभ्यासकानं हाती घेण्यासारखं आहे.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. सुरुवात मुंबई-पणजीहून करायची नसते. ती घरातून करायची. घरातल्या सगळ्यात वृद्ध माणसाजवळ, त्यातही वृद्ध बाईजवळ बसावं आणि ती सांगेल तसं लिहून घ्यावं. नावं, माहेरं, मूळ गाव, कुलदेवता, गावातला मान. कोकणात गावऱ्हाटीमध्ये कुणाचा मान कितवा, हे काटेकोर पाळलं जातं. एखाद्या घराचा मान मध्येच दुसऱ्या शाखेकडे गेला असेल, तर तो केव्हा आणि का गेला हे विचारावं. एखादा भाऊ परागंदा झाला की जमीन आणि मान यांची अशी हलवाहलव होण्याचा संभव असतो. कुलदेवतेचाही धागा धरावा. रेडीच्या नवदुर्गेला गोव्याकडची कितीतरी घराणी आपली कुलदेवता मानतात आणि ओटी भरायला येतात. दोन्हीकडचे कुळावी एकमेकांशी बोलले, तर इकडून तिकडे कोण गेलं याचा माग लागू शकतो.

मग गावचे कागद. सातबारा आपल्याला ठाऊक असतो, पण खरा इतिहास जुन्या फेरफारांत असतो. अमुक मयत, त्याचे वारस तमुक, अशी नोंद फेरफारात होते आणि एक पिढी हाताला लागते. गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी मिळतात. हे कागद बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मागे नेत नाहीत. त्यामागे जायला तीर्थक्षेत्रांतले उपाध्ये उपयोगी पडतात. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण इथल्या उपाध्यांच्या वह्यांत गाव आणि आडनाव लावून यात्रेकरूंच्या वंशावळी उतरलेल्या असतात. यात्रेला आलेल्यानं स्वतः सांगितलेली नावं ती, म्हणून त्यांचं मोल मोठं.

या सगळ्यांतून पाचव्या पिढीचं नाव आणि गाव हाती आलं, की मगच पुराभिलेखागाराची पायरी चढावी. नाव-गावाशिवाय तिथं जाणं म्हणजे खाडीत सुई शोधणं. तिथं गेल्यावर तीन अडचणी येतात.

पहिली लिपीची. त्या काळातले मराठी कागद मोडीत आहेत. मोडी शिकायला दोन-तीन महिने पुरतात, वाचता यायला सराव लागतो. 2023 पासून महाराष्ट्रात जुन्या जातनोंदींचा सरकारी पातळीवर शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांनाच कळली. तीच माणसं आपल्यालाही मदत करू शकतील.

दुसरी अडचण तारखांची. मोडी कागदावर 1844 हे साल आढळेलच असं नाही. तिथं शके 1766 असेल किंवा अरबी शब्दांत 'खमस अर्बैन मयातैन व अलफ' असं असेल. खमस म्हणजे पाच, अर्बैन चाळीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. बेरीज 1245. हा सुहूर सन. त्यात 599 मिळवले की 1844 येतं. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी 600 मिळवायचे. एवढी किल्ली जवळ असली तरी पुष्कळ कुलुपं उघडतात.

तिसरी अडचण नावांची, आणि ती सगळ्यात फसवी. इंग्रज कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहीत. त्यांच्या जुन्या कागदांत रेडीचं 'रायरी' होतं. आणि रायरी तर रायगडाचंही जुनं नाव! न जाणता वाचणारा रेडीच्या लढाईला थेट महाडच्या डोंगरावर नेऊन ठेवील. माणसांच्या नावांची हीच कथा. आपल्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवतात. सावंतवाडीच्या गादीवर खेम सावंत पाच आणि फोंड सावंत चार. ज्या फोंड सावंत तांबुळकरानं बंड केलं तो वेगळा, आणि जे युवराज अण्णासाहेब बंडात सामील झाले त्यांचंही नाव फोंड सावंतच! एकाच बंडात, एकाच बाजूला, एकाच नावाचे दोघे. सरदारांची ही गत, तर मग नुसत्या 'राणोजी' किंवा 'भिवा' एवढ्या नावावरून 'हाच आमचा' असं म्हणणं किती धोक्याचं! आडनावंही त्या काळी पक्की नव्हती. तांबुळी गावचा तो तांबुळकर, रेडी सोडून दुसरीकडे राहायला गेला तो रेडकर. माणूस गाव सोडून गेल्यावरच गावाचं नाव त्याला चिकटतं. म्हणून रेडीतल्या हरवलेल्या माणसाचा शोध रेडीबाहेरच्या रेडकरांकडे घ्यावा लागतो.

त्यासाठी नियम एकच. नाव, बापाचं नाव, गाव आणि काळ या चार खुंट्या जुळल्या तर नातं मानावं. तीन जुळल्या तर 'असावं' म्हणावं. दोनच जुळल्या तर वही मिटून ठेवावी. वंशावळीत 'असावं' लिहायला कमीपणा नाही. खोट्या 'होतं'पेक्षा प्रामाणिक 'असावं' पुढच्या पिढीला जास्त उपयोगी पडतं.

आता एक अवघड गोष्ट. शोध घ्यायला जाल आणि पूर्वज सापडेल, पण दुसऱ्या बाजूला सापडेल, असंही होईल. कंपनीच्या मुंबई फौजेत रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या शिपायांचा मोठा भरणा होता. वाडीत बंदोबस्तासाठी उभारलेल्या स्थानिक पलटणीतही इथलीच माणसं होती. पोट दोन्हीकडे सारखंच होतं. एक भाऊ गडावर आणि दुसरा गडाखालच्या पलटणीत, असंही काही घरांत झालं असेल. तसा कागद निघाला तर तो लपवू नये. ज्या काळात पगार वेळेवर देणारा धनी एकच उरला होता, त्या काळातल्या माणसाला आपल्या काळाच्या तराजूत घालून काय साधणार?

आणि बंडखोराचा शिक्काही कायमचा नसतो. युवराज अण्णासाहेबांचंच पाहा. बंडात गेले, गादीचा हक्क जाण्याची वेळ आली, गोव्यात राहावं लागलं. मग परत येण्याची परवानगी मिळाली. आणि 1867 मध्ये खेम सावंत वारल्यावर तेच सावंतवाडीच्या गादीवर बसले. राजाला माफी मिळते. ज्या गडकऱ्याची जमीन गेली, त्याला ती तशी मिळाली नाही. कोल्हापूरकडच्या किल्ल्यांचे तट-बुरूज बंडानंतर पाडले गेले, आणि किल्लाच उरला नाही तर गडकरी कसला? ज्यांना परत येण्याजोगं घर उरलं नाही, ती माणसं जिथं पोचली तिथलीच झाली.

म्हणूनच हा शोध नुसता हौसेचा नाही. फोंड सावंताचं नाव ग्रंथात आहे, ते राहील. पण त्याच्या मागे मनोहरगडावर कोण कोण गेलं? त्यात मराठे होते, तसे भंडारी, गाबीत, महार, आणखी कोण कोण असतील. त्यांच्या घरच्यांनी मागे काय सोसलं? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी अहवाल लिहिले. बंडानंतर वाडीचा कारभार पाहिलेल्या ल ग्रँड जेकबनं तर आपल्या आठवणींचं पुस्तकच काढलं. हे सगळं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू कुठं लिहिलेलीच नाही. ती आहे ती एवढीच, आपल्या ओटीवर सांगितल्या जाणाऱ्या दोन वाक्यांत. आणि ती वाक्यं सांगणारी माणसं दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत. मुंबईला गेलेल्या मुलांना मालवणी येत नाही, घरं बंद पडतात, आणि माळ्यावरचं बासन वाळवीच्या तोंडी जातं.

आयर्लंडनं 1947 मध्ये जे सरकारी खर्चानं केलं, ते आपण आपल्या घरी एका वहीत करू शकतो. येत्या गणपतीला चाकरमानी गावी येतील तेव्हा एक दुपार यासाठी ठेवावी. आजीला बोलतं करावं आणि मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. सांगणाऱ्याचं नाव, वय आणि तारीख लिहावी. आठवण एका पानावर आणि कागदाचा पुरावा समोरच्या पानावर लिहावा, दोन्हींची सरमिसळ करू नये. बायकांची माहेरची नावं जरूर लिहावीत. घरात मोडी कागद असेल तर त्याला घडी घालू नये, चिकटपट्टी लावू नये. त्याचा स्वच्छ फोटो काढावा आणि जाणकाराला दाखवावा. त्यात बहुधा बंड नसेल, कर्जरोखा असेल. तोही जपावा, कारण कर्ज घेणाऱ्याच्या नावापुढे त्याच्या बापाचं नाव लिहिलेलं असतं, आणि एक पिढी मागे जाण्याची सोय होते.

तो आजो गोव्यातून का परत आला नाही, हे कदाचित कधीच कळणार नाही. पण त्याचं नाव काय होतं, त्याच्या बापाचं नाव काय होतं आणि तो कुठल्या वाडीतून निघाला, एवढं तरी लिहून ठेवणं आपल्या हातात आहे. निदान ज्यांना ते अजून आठवतं, त्यांना विचारायला वेळ लावू नये.